ट्रॅक डेसाठी डेटा लॉगर: फोनच्या जोडीचा रिसीव्हर की स्वतंत्र लॅप टायमर?

ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायला, पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर गाडी न्यायची म्हणजे टायर, ब्रेक पॅड, पेट्रोल, प्रवास असा खिसा आधीच रिकामा झालेला असतो. एवढं करून परतताना हाती फक्त ‘मस्त पळाली’ एवढंच उरू नये, असं वाटलं की गाडीची जागा आणि वेग सतत नोंदवणाऱ्या डेटा लॉगरचा विषय निघतो. नुसत्या फोनच्या जीपीएसचा विचार सोडूनच द्या. तो साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतो, आणि ताशी 150 ला तेवढ्यात गाडी 42 मीटर पुढे गेलेली असते. ब्रेकिंग पॉइंट, म्हणजे वळणाआधी ब्रेक दाबायची जागा, त्यात सापडायची कशी?

मग उरतात दोन वाटा. एक म्हणजे रेसबॉक्स मिनीसारखा काडेपेटीएवढा रिसीव्हर आणि फोनवर ॲप. दुसरी म्हणजे एआयएम सोलो 2 सारखं, स्वतःचा डिस्प्ले असलेलं यंत्र. दोन्ही वापरून मी एकावर स्थिरावलो.

अचूकतेवरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. रेसबॉक्स सेकंदाला 25 नोंदी घेतो, म्हणजे ताशी 150 ला दर पावणेदोन मीटरला एक. आपल्यासारख्या हौशी माणसाची लाइनच, म्हणजे ट्रॅकवरून गाडी नेण्याची वाटच, लॅपगणिक त्याहून जास्त सरकते. दोन्ही यंत्रं एकाच गाडीत लावल्यावर लॅप टाइममध्ये जो फरक दिसला, त्यावरून माझा एकही निर्णय बदलला नसता. कोथरूडच्या टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयला लागतं तसलं मोजमाप आपल्याला करायचं नाही.

सोलोचं कौतुक मनापासून करतो. ट्रॅक आपणहून ओळखतो, फोनची गरज नाही, भर उन्हातही आकडे वाचता येतात आणि आपण आपल्या सर्वोत्तम लॅपच्या पुढे आहोत की मागे, हे चालू लॅपमध्येच सांगतो. रेसिंगवाल्यांच्या गाड्यांत तो दिसतो तो उगाच नाही. किंमत जास्त आहे, पण वस्तू टिकाऊ आहे.

मला नडला तो लॅपटॉप. आलेख नीट उलगडून बघायचे तर विंडोजचा लॅपटॉप आणि त्यांचं रेस स्टुडिओ सॉफ्टवेअर लागतं. दोन सेशनच्या मध्ये टायरचं प्रेशर बघायचं असतं, व्हीलचे नट तपासायचे असतात, पाणी प्यायचं असतं. त्यात चेन्नईच्या उन्हात डिकी उघडून लॅपटॉप मांडला, तर स्क्रीनवर आलेखाऐवजी स्वतःचाच घामेजलेला चेहरा दिसतो. वायफाय जोडा, फाइल उतरवा, दोन लॅप एकमेकांवर टाका, तोवर पुढचा गट रांगेत लागलेला. मग ठरतं की हॉटेलवर गेल्यावर बघू. हॉटेलवर कोण बघतंय? जेवण झालं की डोळे मिटतात, आणि पुण्याला परत आल्यावर तो डेटा नुसता जपून ठेवण्यापुरता उरतो.

फोनवर हेच काम शेडमध्ये उभ्या उभ्या होतं. मित्राच्या पोर्शे केमनचा आलेख असाच बघत होतो. सी1 च्या, म्हणजे पहिल्या वळणाच्या आधी वेगाची रेघ चढत जाते, आणि खाली कोसळण्याआधी जराशी आडवी लोळते. ॲक्सिलरेटर सुटलेला आहे, ब्रेक अजून लागलेला नाही. अर्धाच सेकंद, पण ताशी 150 ला ते 20 मीटर होतात. त्याला बोट ठेवून दाखवलं, आणि पुढच्याच सेशनमध्ये ती रेघ काटकोनात मोडल्यासारखी खाली आली. संध्याकाळी दाखवलं असतं तर ‘हो का, बघू पुढच्या वेळी’ म्हणाला असता.

फोन काचेला लावला की तापून बंद पडतो, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच मी रेसबॉक्सचाच मिनी एस सुचवीन. त्यात स्वतःची मेमरी आहे, फोन पिटमध्ये ठेवून जाता येतं. समोर लाइव्ह आकडे दिसत नाहीत, पण मला ते बरंच वाटतं. नजर ॲपेक्सवर, वळणाच्या आतल्या टोकावर राहते. अर्थात हे ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे.

ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती देणाऱ्या सॉकेटचं, थोडक्यात. तापकीर गल्लीत मिळतो तसला स्वस्त डोंगल आरपीएम आणि थ्रॉटलपुरता ठीक. त्याच्याकडून येणारा वेग पूर्णांकातच असतो आणि 255 च्या वर जातच नाही, शिवाय जितक्या जास्त गोष्टी विचाराल तितकं प्रत्येक उत्तर उशिरा येतं. ब्रेकचं प्रेशर तर ओबीडीच्या ठरलेल्या यादीतच नाही. ते हवं असेल आणि गाडी साथ देत असेल, तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वायरने जोडता येणारा सोलो 2 डीएल घ्यावा. तुमच्यासोबत पिटमध्ये लॅपटॉप घेऊन बसणारा कुणी असेल तर माझा वरचा सगळा मुद्दाच गळून पडतो. आमच्यासोबत येतात ते चहा प्यायला येतात.

रिसीव्हर घेतलात तर डॅशवर काचेखाली, आकाश दिसेल असा घट्ट बसवा. तो हलला तर जी-फोर्सचे आकडे बिघडतात, आणि काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल मार खातो. नवीन वस्तू हातात आली की लगेच ताम्हिणीत मोजून बघायचा मोह होईल. तिथे ब्लूटूथ जुळतंय का, एवढंच बघा.