एएम ऐकायला फिल्टर: ९, ६ की ४?

हॅम रेडिओच्या रिसीव्हरमधला फिल्टर ठरावीक रुंदीचा पट्टाच आत सोडतो. एसएसबीसाठी (एकच साइडबँड पाठवायची पद्धत) बसवलेल्या २.४ किलोहर्ट्झच्या फिल्टरमधून एएम (अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन) ऐकून बघा. तोंडाला रुमाल बांधून कोणी बोलतंय असं वाटेल. एएमला कॅरिअरच्या (मूळ रेडिओ लहरीच्या) दोन्ही अंगांना साइडबँड, म्हणजे आवाज वाहणारे पट्टे, असतात. ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज हवा तर जागा ६ ची लागते. २.४ मध्ये आवाज जेमतेम १.२ पर्यंतच उरतो.

आधीच सांगतो, एकच फिल्टर घ्यायचा असेल तर ६ चा घ्या.

९ चा फिल्टर ही दुपारची चैन. बँड मोकळा असला की ‘स’ आणि ‘श’ वेगळे कळतात, जुन्या व्हॉल्व्हच्या ट्रान्समीटरचा भरीवपणा कानात उतरतो. खरी पंचाईत होते रात्री. ४० मीटरच्या बँडवर आपली हॅमवाल्यांची हद्द ७.२०० मेगाहर्ट्झला संपते आणि तिथूनच ब्रॉडकास्टवाले सुरू होतात. तुम्ही ७.१९५ वर ऐकताय, शेजारचा कॅरिअर ७.२०० वर, फरक ५ किलोहर्ट्झचा, म्हणून तेवढ्याच पट्टीची शिट्टी. ९ चा फिल्टर दोन्हीकडे साडेचार मोकळं सोडतो, त्याच्या उतरत्या कडेतून ती आत घुसते. ६ चा फिल्टर तीनवरच दार लावतो. वर खरखरही पावणेदोन डेसिबलने कमी.

४ चा एकटा घेऊ नका, जोडीला मात्र हवाच. मधोमध लावला तर आवाज कोंडतो. डायल किलोहर्ट्झभर सरकवा: कॅरिअर कडेजवळ येतो, एक साइडबँड जवळजवळ पूर्ण मिळतो, त्रास देणारी बाजू बाहेर राहते. आवाज थोडा फाटतो, पण बोलणं कळतं.

आता फिल्टरची जात. कॉलिन्सच्या मेकॅनिकल फिल्टरच्या कडा उभ्या असतात, पण ते जुन्या मालातच शोधावे लागतात. मुराताचे ४५५ किलोहर्ट्झचे (ही रुंदी नव्हे, रिसीव्हरच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) सिरॅमिक स्वस्त. त्यांच्या नावातलं ४५५ नंतरचं अक्षर वाचा: जी म्हणजे ९, एच म्हणजे ६, आय म्हणजे ४. आयकॉम ७३०० सारखा डीएसपी (आकडेमोडीने फिल्टर लावणारा) सेट असेल तर सोल्डरिंगला हातच लावू नका, त्यात ९, ६ आणि ३ आधीच आहेत.

सिरॅमिक बसवणार असाल तर दोन्ही टोकांना दीड-दोन किलोओहमचा इम्पिडन्स (विद्युत अडथळा) जुळवा. नाहीतर पासबँडमध्ये (फिल्टर आत सोडतो त्या पट्ट्यात) चढउतार येतात, आणि शिव्या खातो बिचारा फिल्टर.