जिप्सीचा जुना पुढचा अ‍ॅक्सल: किनाऱ्यावर राहणाऱ्याने काय बघून घ्यावा

भंगारातून निघालेला मारुती जिप्सीचा पुढचा अ‍ॅक्सल ऑफ-रोडसाठी अजूनही चांगला माल आहे. नळी जाड, लीफ स्प्रिंगवर सरळ बसतो, मेकॅनिक कुठेही मिळतो. जिम्नीचा अ‍ॅक्सल नवा असला तरी कॉइल स्प्रिंगचा. लीफवर घ्यायचा तर ब्रॅकेट कापून नवे वेल्ड करा, वर आरटीओची कटकट. त्या फंदात पडू नये.

1993 नंतरचा वाइड ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर वाढवलेला) जुन्यापेक्षा 90 मिमी रुंद आहे, तेव्हा गाडीचा मागचा अ‍ॅक्सल कुठला आहे ते आधी मोजा. क्राउन-पिनियनचे, म्हणजे अ‍ॅक्सलच्या आतल्या गिअरच्या जोडीचे, दातही मोजा. पुढचा-मागचा रेशो (दातांचं प्रमाण) जुळला नाही तर फोर-व्हीलमध्ये कडक रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) रडते.

पण कोकणात खरी परीक्षा नकलच्या गोळ्याची, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यातल्या लोखंडी गोळ्याची. पुण्या-नाशिकच्या मालात हा गोळा बहुधा गुळगुळीत सापडतो; खाडीकाठच्या गाडीत खारं पाणी आणि पुळणीची रेती सीलखाली अडकून त्याला खातात. रॉकेलने ग्रीस पुसा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून खालच्या बाजूवर नख फिरवा. खड्डे लागले तर अ‍ॅक्सल सोडून द्या, किंमत कितीही पाडून देवोत. खडबडीत गोळ्यावर नवं सील एक पावसाळासुद्धा टिकत नाही. पॉलिश पेपर मारून चमकवलेला गोळा विकणारेही आहेत. खड्डे त्याने बुजत नाहीत.

गाडीवर बसलेला असेल तर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा: खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ). किंगपिन शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) बसतं, खर्च मोठा नाही. हब लॉक करून (पुढची चाकं अ‍ॅक्सलला जोडून), मातीवर, पूर्ण वळणात हळू चालवताना कट-कट आली तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद देणारा सांधा) संपला. टायरच्या आतल्या अंगाला काळं पातळ ओघळलेलं दिसलं तर आतलं ऑइल सील गेलंय. डिफचं (अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) तेल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतं.

31 इंची टायर आणि लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारा भाग) लावणाऱ्यांनी मात्र यावर विसंबू नये, जांभ्याच्या पायरीवर पहिला सीव्ही जॉइंटच तुटतो.

बसवताना ब्रीदरची (आतली हवा ये-जा करते ती) नळी बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात शिरला की आत पाणी ओढतो, तेल दुधाळ होतं, आणि मग बेअरिंग जातात.