सायकलची सीट बदलली, त्याबद्दल जरा सविस्तर

पावसाच्या तोंडावर सायकलची सीट बदलली होती, आता पाऊस पण बघून झाला आणि ऊन पण, म्हणून लिहितेय. कोल्हापुरात हल्ली सकाळी रंकाळ्याला, विद्यापीठाच्या रोडला, पन्हाळ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला सायकलवाले भरपूर दिसतात, बायका पण खूप आहेत, आणि थोडी ओळख झाली की बोलणं येऊन थांबतं ते बसायच्या त्रासावर. काहीजणी तर तेवढ्यासाठी सायकल सोडून मोकळ्या झाल्या. चांगली सायकल घरात कपडे वाळत घालायला लागते ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्रास सीटचा असतो आणि सीट हजाराच्या आत बदलता येते.

मी घेतलेली सीट साधी आहे, लुधियानाची बनावट, नाव फार कुणाला माहिती नसेल. रुंदी १६० मिलिमीटर, मधे लांबट खोबण, फोम कडकच्या बाजूला झुकणारा, वर शिलाई नसलेलं एकसंध कव्हर, खाली स्टीलच्या दोन रेल, म्हणजे सीट जिच्यावर आवळतात त्या दांड्या. फिटिंग धरून साडेनऊशे रुपये. माझ्या सायकलला आणि माझ्या बसण्याला ती एकदम बरोबर बसली, पण तुम्ही हीच घ्या असं मी म्हणणार नाही, कशी निवडली ते सांगते, ते जास्त कामाचं आहे.

सायकल हायब्रिड आहे, सरळ हँडलची. रोज कसबा बावड्यातून ऑफिसला आणि रविवारी जमेल तसं जोतिबा नाहीतर पन्हाळा. सायकलबरोबर आलेली सीट दिसायला जाड, मऊ, अंगठ्यानं दाबली की आत जायची. दुकानात त्यावर बसलं की कुणालाही वाटेल काय छान आहे. पण अर्धा पाऊण तास झाला की मधल्या भागाला मुंग्या यायला लागायच्या आणि वाघबीळच्या चढाला तर तो भाग बधिरच व्हायचा. कारण असं की आपण बसतो ते खरं तर खालच्या दोन हाडांवर, वजन तिथंच पडलं पाहिजे, ती हाडं वजन घ्यायलाच आहेत. सीट फार मऊ असली की हाडं आत रुततात आणि मधला फोम फुगून वर येतो, आणि तो दाबतो नेमका त्या नाजूक भागाला जिथनं नसा आणि रक्तवाहिन्या जातात. म्हणून मुंग्या. नवीन माणसाला पहिले काही दिवस हाडं दुखणं वेगळं, ते सवयीनं जातं, पण बधिरपणा हा सवय करून घ्यायचा प्रकार नाही, तो आला की सीट, तिची उंची नाहीतर तिचा कोन, ह्यातलं काहीतरी चुकलेलं आहे हे नक्की. आणि हे पुरुषांना पण तेवढंच लागू आहे, ते फक्त बोलत नाहीत.

आता माप. ही गोष्ट घरी होते आणि फुकट होते. फ्रीज किंवा टीव्हीच्या खोक्याचा, आत नागमोडी थर असलेला पन्हळी पुठ्ठा घ्यायचा, कडक स्टुलावर नाहीतर पायरीवर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, थोडं पुढं वाकायचं, पाय जरा उचलून धरायचे आणि मिनिटभरानं उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खड्डे दिसतात. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजायचं. माझं साधारण १३ सेंटिमीटर आलं. त्यात दोन ते तीन सेंटिमीटर मिळवायचे, म्हणजे हाडं सीटच्या कडेवर न येता आत बसतात. जितकं ताठ बसून चालवता तितकी सीट रुंद लागते, जितकं वाकून चालवता तितकी अरुंद, कारण वाकलं की हाडांचा पुढचा भाग टेकतो आणि तिथं अंतर कमी असतं. बायकांचं हे अंतर सरासरी पुरुषांपेक्षा जास्त असतं, म्हणून घरातल्या पुरुषाच्या सायकलवर चांगलं वाटत नाही तर त्यात तुमचा दोष नाही. पण शरीराच्या जाडीवरनं हाडांचं अंतर कळत नाही हे पण लक्षात ठेवा, बारीक माणसाचं जास्त असू शकतं. आणि रुंद म्हणजे कितीपण रुंद असं पण नाही, फार रुंद घेतली की मांड्या आतून घासतात आणि पायडल मारताना कंबर डुलायला लागते.

माप घेऊन आधी एका मोठ्या शोरूमला गेले. तिथं माल भरपूर, पण पॅकिंग फोडणार नाही म्हणाले, रुंदी किती विचारलं तर "लेडीज सीट आहे मॅडम" एवढंच. लेडीज हे काही माप नाही. ऑनलाइन पण तोच घोळ, सगळीकडं मऊ, जेल, सुपर कम्फर्ट असं लिहिलेलं असतं आणि मिलिमीटर शोधायला खाली खाली जायला लागतं.

मग गावात आतल्या पेठेतल्या जुन्या दुकानात गेले. नाव टाकू नका असं दुकानदार काकांनीच सांगितलंय, एकटे आहेत आणि गर्दी झेपत नाही. काकांनी पुठ्ठ्याचं ऐकून घेतलं, टेप काढला आणि माळ्यावरनं सीटा काढून एकेक मोजायला लागले. मी विचारलं, "काका, बसून बघता येईल?" तर म्हणाले, "बसून न बघता सीट घ्यायची असती का ताई? चालवून बघा की, दहा मिनिटं फिरून या." आणि खरंच प्रत्येक सीट पिलरवर, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर चढवून, घट्ट करून सायकल हातात दिली. प्रत्येक वेळी कपाळावर आठी नाही, घाई नाही. अशी सर्व्हिस कुठं मिळते सांगा. शोरूमच्या एसीपेक्षा मला ती दहा मिनिटं जास्त मोलाची वाटतात, कारण सीट हाताला कशी लागते ह्यावरनं काहीच कळत नाही, ती चालवतानाच कळते.

त्यांच्याकडं बाकी काय काय होतं ते पण सांगते. जेलची सीट होती, ती छोट्या अंतराला बरी, भाजी आणायला, मुलांच्या क्लासला वगैरे, पण लांबच्या राइडला तिचं माझ्या जुन्या सीटसारखंच होतं. सीटवर चढवायचं जेलचं कव्हर पण मिळतं, स्वस्त आहे, पण पायडल मारताना ते सरकतं आणि रुंदी वाढून मांडीला घासतं, शिवाय पावसात पाणी धरून बसतं. स्प्रिंगवाली रुंद सीट ताठ बसणाऱ्यांना एकदम योग्य, आपल्या गावठाणातले खड्डे आणि स्पीडब्रेकर ती चांगले गिळते, पण चढाला जोरात मारायला गेलं की वरखाली होते आणि ताकद वाया जाते.

आणि कातडी सीट. ह्या विषयावर माझं मन जरा अडकतं कारण आमच्या आण्णांच्या जुन्या काळ्या सायकलला कातडी सीटच होती. त्यात फोम नसतोच, जाड कातडं पुढनं मागं ताणून बसवलेलं असतं आणि ढिलं पडलं की पुढच्या टोकाखालचा नट फिरवून ताण द्यायचा. इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीची बी १७ ही त्यातली जगभर मानलेली सीट, कंपनी १८६६ पासूनची, आणि ते मॉडेल शंभरहून जास्त वर्षं चाललंय. कोल्हापुरी चपलेचं जसं असतं, आधी चावते आणि मग पायाची होऊन जाते, तसंच ह्या सीटचं. चपलेचं आणि सीटचं, दोन्ही कातडी झाडपाल्यानं कमावलेली, आपल्याकडं बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्यामुळं ते घामानं, उबेनं, वजनानं आकार घेतं. पण त्याच कारणानं पाण्याला ते नाजूक. भिजलेल्या कातड्यावर बसून चालवलं की ते कायमचं लोंबतं. आपल्याकडं जूनपासून चार महिने जो पाऊस असतो त्यात रोज ऑफिसला जाणाऱ्यानं कातडी सीट घ्यायची म्हणजे कायम सीटला कॅरीबॅग बांधून फिरायची तयारी पाहिजे. पैसे असतील, हौस असेल, दुसरी सायकल असेल तर जरूर घ्या, ती म्हातारपणापर्यंत साथ देते.

पावसाचा विचार फोमच्या सीटला पण करायला लागतो आणि हे मला काकांनी शिकवलं. वर शिलाई असलेली सीट त्या टाक्यांतनं पाणी पिते, मग वरनं पुसली तरी बसलं की कपडे ओले. म्हणून बिनशिलाईची. दुसरं म्हणजे मधली खोबण आरपार भोकाची नको, नुसती खोलगट पाहिजे, कारण मागं मडगार्ड नसेल तर चाकाचं पाणी त्या भोकातनं सरळ वर येतं. मडगार्ड असेल तर आरपार चालते, उन्हाळ्यात वारं पण लागतं.

बसवताना तीन गोष्टी. पिलर कुठला आहे ते आधी बघा, जुन्या सायकलींना साधा पाइप आणि त्यावर वेगळा क्लॅम्प असतो, तो दोन्ही बाजूंचे नट पान्यानं सोडून निघतो, नव्यांना क्लॅम्प पिलरलाच असतो आणि ॲलन की, म्हणजे सहा कोनी टोकाची वाकडी किल्ली लागते. साध्या स्टील रेलच्या सीटा बहुतेक दोन्हीला बसतात पण क्लॅम्प बरोबर आहे ना ते विचारून घ्या. मग उंची. जुनी सीट काढायच्या आधी पायडलचे दांडे जिथं फिरतात त्या मधल्या बोल्टपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून ठेवा, कारण नवी सीट जाडीला वेगळी असते, माझी जुनीपेक्षा पातळ निघाली आणि पिलर वर घ्यायला लागला. नव्यानं मोजायचं तर सीटवर बसून टाच पायडलवर, पायडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर झुकता कामा नये. पिलरवर खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसेल एवढा तो वर काढू नका, मोडतो. तिसरं, सीट आडवी लेव्हलला ठेवायची, मोबाइलमधल्या लेव्हलनं बघता येतं. टोक वर राहिलं की पुढं दाबतं, फार खाली केलं की आपण पुढं घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो. मी टोक अगदी किंचित खाली ठेवलंय, दिसणार पण नाही एवढं, आणि त्या एका बदलानं फार फरक पडला.

आता अनुभव. सुरुवातीला कडक वाटली, हाडं थोडी दुखली, मग ते गेलं. मुंग्या बंद म्हणजे बंद. पन्हाळ्याला वर जाऊन, झुणका भाकरी आणि दही खाऊन परत घरी आले तरी सीटची आठवण सुद्धा येत नाही, आणि माझ्या मते चांगल्या सीटची खूण हीच. उतारावर मात्र नुसतं बसून राहू नका, जरा वर उठत जा, कुठल्याही सीटवर.

तक्रारी आहेत. मागच्या कडेचा रंग घासून गेलाय, भिंतीला टेकवली की लागतो तिथं. रेलजवळनं चढाला कुरकुर आवाज यायचा, काकांनी क्लॅम्प सोडून थोडं ग्रीस लावलं आणि नट परत आवळले, तेव्हापासून नाही. साडेनऊशेत मी एवढं चालवून घेईन.

आण्णांसाठी पण त्याच दुकानातनं स्प्रिंगवाली रुंद सीट घेतली, ते ताठ बसून गंगावेशीपर्यंत दूध आणायला जातात, त्यांना माझी सीट दिली असती तर दुसऱ्या दिवशी परत आणून दिली असती. त्यांच्या पाइपला जुना क्लॅम्प गंजून धरला होता, काकांनी रॉकेल सोडून तो सोडवला आणि नवा बसवून दिला, त्याचे वेगळे पैसे लागले. दुकान ओळखलं असेल आणि जुनी सायकल घेऊन जाणार असाल तर सकाळी जावा, असलं काम संध्याकाळी ते हातात घेत नाहीत.