श्रीलंकेला बोटीनं की विमानानं?

तमिळनाडूतलं नागपट्टणम ते श्रीलंकेच्या उत्तर टोकाचं कांकेसंथुराई बंदर, ही बोट 2023 मध्ये सुरू झाली. समुद्रावरचे चारेक तास सुखाचे. दमछाक त्याआधीच होते. बल्लारशाहून जीटी (ग्रँड ट्रंक) एक्सप्रेस चेन्नई सेंट्रलला सोडते, नागपट्टणमच्या गाड्या बहुतेक चेन्नईच्याच एग्मोर स्टेशनहून. मध्ये निदान चार तास ठेवा, जीटीचा काही नेम नाही. बोटीतून उतरल्यावर जाफना जवळ, पण कोलंबोला अख्खा दिवस जातो.

नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे इकडे विदर्भात कापूसवेचणीच्या धांदलीत, तिकडे ईशान्य मोसमी वाऱ्यानं समुद्र खवळतो अन् फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे परतीचं रेल्वे तिकीट बोटीच्याच दिवसाचं काढू नका. सामानाची मर्यादा तिकिटावर वाचा, चिवड्याचे डबेही वजनातच धरतात.

कोलंबो-कँडीच बघायचं असेल तर चेन्नईहून विमान बरं, दीड तासात पोचवतं. पासपोर्ट दोन्हीकडे लागतोच.