मोबाईलवर बॅटल रॉयल की टीव्हीवर स्टोरी गेम? दोन्ही करून बसलेल्याचं मत

गेम खेळावेत की नाही हा वाद सोडून देऊ. तुम्ही खेळणार हे ठरलंय, फक्त मोबाईलवरच बॅटल रॉयल (शेवटी उरेल तो जिंकला असा ऑनलाईन गेम) खेळून भागवायचं का स्टोरी गेमसाठी (एकट्याने खेळायची, शेवट असलेली गोष्ट) कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, आणायचा इथे अडलंय असं धरून लिहितोय. माझी मोबाईलवर तीन वर्षं गेली, आणि आता सेकंडहँड पीएस४ ला (सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल) दोन होत आली.

मोबाईलचं खरं सुख म्हणजे माणसं. माझा शाळेतला मित्र दुबईला असतो, एरवी फोन फक्त दिवाळीला, पण स्क्वॉड (चौघांची टीम) जमला की माईकवर तासभर बडबड, त्यात गेम कमी आणि कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं फिसकटलं हेच जास्त. स्टोरी गेममध्ये हे नाही मिळत, खोटं कशाला बोलू. खर्चही नाही, म्हणजे सुरुवातीला नाही, नंतर स्किन (गेममधले कपडे, बंदुकांचे रंग) आणि सीझन पासवर (दर काही आठवड्यांच्या नव्या पर्वाची बक्षिसं मिळवायचं तिकीट) शंभर-दोनशे करत किती गेले तो हिशोब मी मुद्दाम काढलेला नाही. आणि ते सामान आपलं असतं असंही नाही, गेमच कधी जाईल सांगता येत नाही: पबजी मोबाईल हा बॅटल रॉयल भारतात सप्टेंबर २०२० ला बंद, २०२१ ला त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय, तो जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरवरून गायब आणि मे २०२३ मध्ये परत.

कन्सोलचा खर्च एकदम अंगावर येतो. पीएस५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ४९,९९० चा होता, बिनडिस्कवाला ३९,९९०. त्या दहा हजारांच्या मोहात पडू नका हो, डिस्क खेळून झाली की विकता येते, डाउनलोड केलेला गेम कोण विकत घेणार? दुसरं, टीव्ही एकच असेल तर संध्याकाळी मालिकांच्या वेळेत रिमोट विसरा.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो पॉजवर. ऑनलाईन मॅचला पॉज नसतो, हे सगळ्यांना माहितीये, पण त्याचा त्रास घरात राहिल्यावर कळतो. आई देवळात जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. मी हेडफोन घालून, शेवटच्या दहा खेळाडूंत, झोन (खेळायची सुरक्षित जागा) छोटा होतोय, उठलो तर मागे तीन जणांच्या शिव्या. वास आला तेव्हा उठलो. डाळ गेली, कुकर दोन दिवस घासला, आणि मॅचही हरलो ती वेगळीच. जेवायला हाक आली की "दोनच मिनिटं", बेल वाजली की "दोनच मिनिटं", आणि ती दोन मिनिटं कधी वीसच्या खाली आली नाहीत. कन्सोलवरच्या स्टोरी गेममध्ये एक बटण दाबतो आणि उठतो.

आता डोक्याचं. २००३ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात अभ्यास आला होता की ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची नजर एका वेळी जास्त गोष्टी टिपते. कुकर प्रकरणानंतर हे घरात सांगून बघितलं, फारसा उपयोग झाला नाही. उलट बाजूला डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) गेमिंगचा आजार आयसीडी-११ या आजारांच्या यादीत घातलाय, लक्षणं म्हणजे ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण १२ महिने. कन्सोलवाले यातून सुटले असं नाही, पहाटे चारपर्यंत "ही एवढी मिशन" मीही केलंय. पण स्टोरी कधीतरी संपते, ऑनलाईनवाल्यात नवा सीझन येतच राहतो. तुमचं वेगळं असू शकेल, होस्टेलवर एकटे असाल तर मोबाईलच बरा कदाचित.

मोबाईलवरचा गेम मी काही उडवलेला नाही. रविवारी दुबईवाला बोलावतो तेव्हा जातो, आधी किचनमध्ये डोकावून.