येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकताना

शाळेत १४ वर्षं मराठी शिकवल्यावर मी इथे एम.ए.ला आले. निबंधात कुणी 'पानी' लिहिलं की माझं लाल पेन लगेच चालायचं. वर्गात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्हचं १९६६ सालचं काम वाचलं: न्यूयॉर्कच्या ३ दुकानांत 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द ऐकून त्याने 'र'चा उच्चार आणि सामाजिक स्तर यांचं नातं दाखवलं. दुसऱ्याच दिवशी मंडईत मेथी घेताना कान देऊन ऐकलं. मावशी शेजारणीशी 'पानी' म्हणाल्या, माझ्याशी मात्र जपून 'पाणी'. पोटात कालवलं. माझ्या वर्गातली मुलंही अशीच जपून बोलत असणार!

परिसर झाडांचा, शांत. १९४८ पासून चाललेल्या संस्कृत कोशाच्या, शब्दांच्या नोंदी असलेल्या चिठ्ठ्या बघायला मिळाल्या तर सोडू नका. वाचन बरंचसं इंग्रजीतलं, त्यामुळे वेळ काढूनच प्रवेश घ्या.