कॉम्प्रेशन स्लीव्ह : आठ महिने वापरल्यानंतर

पहिली स्लीव्ह, म्हणजे सुजलेल्या हाताला दाब देणारी घट्ट बाही, अजून कपाटात पडून आहे. साडेतीन हजार मोजलेत, त्यामुळे टाकवत नाही आणि घालवतही नाही.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये माझ्या उजव्या काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्या, मग रेडिएशन झालं. दोन वर्षांनी हात जड वाटू लागला. सगळ्यात आधी कळलं ते ब्लाउजमुळे. डावी बाही सैल आणि उजवीचे टाके उसवायला आलेले. डॉक्टरांनी लिम्फेडिमा सांगितला, म्हणजे लसीका द्रव साचून येणारी सूज. मी घाईघाईने सर्जिकल दुकानात गेले. तिथल्या माणसाने संध्याकाळी, कुर्त्याच्या बाहीवरूनच फक्त दंडाचं माप घेतलं आणि 'मीडियम' हातात ठेवली. वर म्हणाला, "घट्ट बसतेय म्हणजे काम करतेय."

काम केलं, पण उलटं. स्लीव्ह मनगटाशी संपत होती, हातमोजा नव्हता. चार दिवसांत पंज्याची मागची बाजू पुरीसारखी टम्म फुगली. सव्वादोनच्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी दोन वाढवाव्या लागल्या. कोपराच्या घडीत लाल वळ उठला तो वेगळाच.

मग लिम्फेडिमाचं काम करणाऱ्या फिजिओ मॅडम भेटल्या. त्यांचं पहिलं वाक्य, "आधी सूज उतरवू, मग माप घेऊ." तीन आठवडे फोम आणि कमी ताणल्या जाणाऱ्या बँडेजचे थरावर थर. हाताचा नुसता सोटा झाला होता. त्या काळात पोळ्या नवऱ्याने लाटल्या, त्याबद्दल इथे लिहीत नाही. दोन हातांच्या घेरात साडेचार सेंटिमीटरचा फरक होता, तो दीडवर आला. त्यानंतर सकाळी सकाळी मनगटापासून काखेपर्यंत दर चार सेंटिमीटरवर टेप लावला, बोटांच्या मुळांशीसुद्धा. माझा शिंपी एवढी मापं घेत नाही.

खरा फरक विणीचा. दुकानातली होती गोल विणीची, सर्क्युलर निट. पातळ, बिनशिवणीची, दिसायला छान, पण हाताला घड्या असल्या की त्यांत रुतते. सूज कमी आणि हाताचा आकार सरळ असेल तर ती चालते, तिला नावं ठेवायची नाहीत. माझी आताची फ्लॅट निट. आकाराप्रमाणे टाके कमी-जास्त करून सपाट विणतात आणि मग शिवतात. जाड, खरबरीत, आणि तिच्या किमतीत रेडीमेडच्या चार आल्या असत्या. पण घडीत शिरत नाही. सोबत उघड्या बोटांचा हातमोजा. कणीक मळताना त्यावर रबरी मोजा चढवते, तरी हळदीचे डाग पडलेच.

दाब विचारताना नुसतं 'क्लास टू' म्हणू नका, आकडा विचारा. जर्मन मापात क्लास टू म्हणजे पाऱ्याचे २३ ते ३२ मिलिमीटर, अमेरिकन वस्तूंवर वेगळेच टप्पे असतात. आपल्याला किती हवा हे डॉक्टर किंवा फिजिओच सांगणार.

अकोल्याचा मे महिना या स्लीव्हमध्ये काढला. घाम, खाज, चिडचिड, सगळं झालं. दुपारी ओला पंचा वरून टाकायचे. रात्री काढायची असते, तेवढाच काय तो आराम, आणि मलमही तेव्हाच लावायचं. रोज सौम्य साबणाने हातानेच धुवायची, पिळायची नाही, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, वाळत सावलीत घालायची. पावसाळ्यात जाड वीण एका रात्रीत वाळत नाही, म्हणून पहिल्यापासूनच दोन घ्या.

सुरुवातीला रबरी हातमोजे घालून चढवायला दहा मिनिटं लागत. सहाव्या महिन्यात दोन मिनिटांत चढू लागली आणि मी खूश! मॅडम म्हणाल्या, "हात बसला नाहीये तुमचा, स्लीव्ह मेलीय." साधारण सहा महिन्यांत ताण जातो, तेव्हा पुन्हा खर्च आहेच.

जुलैत एकदा हात लाल होऊन ताप भरला. त्याच दिवशी स्लीव्ह काढून डॉक्टर गाठले, अँटिबायोटिक घेतलं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच परत चढवली.

शेजारच्या काकूंनी जुनी स्लीव्ह पोटरीसाठी मागितली होती. त्यांचे दोन्ही पाय सुजतात. मी दिली नाही, जरा रागावल्या. पायांची सूज हृदयामुळे किंवा किडनीमुळेही येते, आणि पायाला रक्त नेणाऱ्या रोहिण्या अरुंद असतील तर दाब देणं घातक ठरतं. आधी तपासणी करा म्हटलं, मग मोज्यांचं बघू.

फरक अजून दीड सेंटिमीटरवरच टिकून आहे. कमी झालेला नाही, होईल असं मॅडमनीही कधी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात नव्या जोडीची मापं आहेत. या वेळी दंडावरची सिलिकॉनची पट्टी नको म्हणणार आहे, तिच्याखाली पुरळ येतं.